जनावरे : निरंक

निवृत्तीराव सोनकांबळे यांनी जन्मात कुणाला जावक क्रमांकाशिवाय काही दिलं नव्हतं. अपवाद एकच. लग्न होऊन चार दिवस झाले होते, नव्या नवरीशी काय बोलावं ते सुचत नव्हतं आणि गप्प बसणंही बरं दिसत नव्हतं. तेव्हा ते म्हणून गेले, "तुला एकदा समुद्र दाखवीन." नवरीनं मान वर करून पाहिलं. त्या पाहण्यात असं काही होतं की शब्द मागं घ्यायची सोय उरली नाही.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. दरम्यान लातूरचा जिल्हा झाला आणि निवृत्तीरावांची उस्मानाबादहून नव्या कचेरीत बदली झाली. टंचाई शाखेत टेबल मिळालं. टेबल म्हणजे अर्धंच. उरलेल्या अर्ध्यावर आवक-जावक बसायची. नव्या जिल्ह्यात सगळंच नवं यायचं होतं, इमारत, कपाटं, पंखे. टंचाई तेवढी जुनी होती आणि ती पहिल्या दिवसापासून वेळेवर हजर होती. यंदा तर दुष्काळानं कहर केला होता. गल्लीत टँकर यायचा त्या दिवशी माणसं एकमेकांची ओळख विसरत आणि टँकर गेला की पुन्हा "राम राम, जय भीम" सुरू होई.

नवरीचं नाव पंचशीला. तिच्या आईबापांनी दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्याच वर्षी ती जन्मली, म्हणून हे नाव. आता ती शाळेत भूगोल शिकवत होती. तिच्या वर्गात भिंतीवर एक जुना नकाशा होता. त्यात देशाच्या सगळ्या किनाऱ्याला कुठं हिरवी, कुठं तांबूस कड होती. फक्त कच्छच्या कोपऱ्यात वाळवंटाचा पिवळा रंग थेट समुद्राच्या निळ्याला जाऊन टेकत होता. ती तिथं छडी ठेवून सांगत असताना मागच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, "बाई, मग तिथली मानसं नुस्तं पानी बघूनच ऱ्हातेत का?"

वर्ग हसला. पंचशीला हसली नाही. "पुढच्या तासाला सांगते," म्हणाली आणि पुढचे पंधरा तास तिनं तो नकाशा उघडला नाही. ज्या बाईनं समुद्र पाहिला नाही आणि वाळवंटही पाहिलं नाही, तिनं दोन्हींबद्दल काय सांगावं, हा काटा तिला बोचत राहिला. शेवटी एका संध्याकाळी ज्वारी निवडता निवडता ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला समुद्र नुसता बघायचा नाही. तिथं एक दिवस राहायचंय. तिथली माणसं कशी राहतात ते बघायचंय. त्या पोरीला उत्तर द्यायचंय."

दुसऱ्या दिवशी निवृत्तीरावांनी फाइल उघडली. विषय : कच्छ किनारा, प्रवास व मुक्काम. पहिली टिपणी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिली : 'मे महिन्याच्या सुटीत जाणे योग्य वाटते. आदेशार्थ सादर.' आणि फाइल स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. पंचशीलानं पेपर तपासायच्या लाल पेनानं खाली लिहिलं, 'मंजूर. पं.'

गाडीचा प्रश्न शेजारच्या शंकरप्पानं सोडवला. शंकरप्पा उदगीरकडचा, त्याचं भुसाराचं दुकान होतं आणि लिलावात वस्तू घेण्याची त्याला आवड होती. किनवटकडच्या एका लिलावात त्यानं एक जीप घेतली होती. जीप उत्तम होती, फक्त ती मागं जात नसे. तिचा उलटा गिअर आधीच्या मालकाच्याच काळात निवर्तला होता.

"मागं कशाला जायाचं हो साहेब?" शंकरप्पा म्हणे. "समुद्र म्होरं हाय न्हवं?"

जीपबरोबर त्याला एक तंबूही फुकट मिळाला होता, जाड कापडाचा, सरकारी शिक्का असलेला. जीप, तंबू आणि ड्रायव्हर म्हणून स्वतः शंकरप्पा, असं सगळं त्यानं देऊ केलं. निवृत्तीरावांनी मग चार रात्री नकाशावर घालवल्या आणि बीड, नगर, नाशिक, सुरत, अहमदाबाद, भूज असा एक रस्ता आखला, ज्यावर कुठंही गाडी मागं घ्यावी लागणार नव्हती. असं काम त्यांच्याआधी कुणी केलं नसावं.

सल्ले देणाऱ्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं वाळवंटात विंचू असतात, तंबूभोवती राख टाका. राख ओली होईल म्हणून चुना टाका, असं दुसरा म्हणाला. ज्यानं आयुष्यात विष्णुपुरीच्या धरणापलीकडं मोठं पाणी पाहिलं नव्हतं, त्यानं भरती-ओहोटीवर तासभर सांगितलं. पण सगळ्यांत मोठं अपील घरातच होतं. निवृत्तीरावांची आई सरजाबाई ऐकून घेऊन म्हणाली, "ह्या उन्हातून त्या उन्हात जायाचं? आन् ते बी खारं पानी बघाया? आपल्या बोरचं काय ग्वाड हाय?"

"आई, तुला पण न्यायचंय," पंचशीला म्हणाली.

सरजाबाईनं जरा विचार केला. "येते. पर दोन पिंपं पानी संगं घ्यायचं. भरलेली."

"समुद्राला जाताना पाणी न्यायचं?" निवृत्तीराव.

"तू तिथलं पिऊन दाव. मग न्हाई नेत."

निवृत्तीरावांनी फाइलीत 'पिंपे : दोन' अशी नोंद केली. दोन मोठी पिंपं जीपमध्ये ठरली, आणि ती बसल्यावर माणसं कुठं बसतील हा प्रश्न पुढं ढकलण्यात आला.

रजेचा अर्ज हा नाजूक भाग होता. सगळा जिल्हा पाण्यासाठी वणवण करत असताना टंचाई शाखेतल्या माणसानं 'पाणी बघायला जातो' असं लिहायचं कसं? निवृत्तीरावांनी कारणाच्या जागी 'घरगुती' एवढंच लिहिलं. अव्वल कारकून व्यंकटराव हे कनवाळू गृहस्थ. 'घरगुती'चा अर्थ त्यांनी आईचं दुखणं असा लावला आणि संध्याकाळी दोघा सहकाऱ्यांना घेऊन, मोसंबी बांधून, दुखणाईत बाईला भेटायला आले. सरजाबाई तेव्हा माळवदावर उभी राहून तंबू काठीनं झोडपत होती. धुळीचे लोट खाली व्यंकटरावांच्या टोपीवर येत होते.

"बाई, तब्येत कशी हाय?" व्यंकटरावांनी खालून विचारलं.

"कुनाची?" सरजाबाईनं वरून विचारलं आणि आणखी एक काठी हाणली.

मग निवृत्तीरावांना सगळं सांगावं लागलं. सांगताना त्यांची मान इतकी खाली गेली होती की पिशवीतली मोसंबी त्यांना मोजता आली असती. व्यंकटरावांनी टोपीवरची धूळ झटकली. शेवटी म्हणाले, "बायकोला शब्द दिला म्हन्ता? मग जा. पर ते घरगुतीच राहू द्या. आन् टंचाई वाढली तर रजा रद्द, हे ध्यानात ठेवा."

एवढ्यावर सगळं नीट पार पडलं असतं. पण निवृत्तीराव पूर्वतयारीचे भक्त. तंबू कधी ठोकलेला नाही, तो परमुलखात कसा ठोकणार? तेव्हा एक दिवस रंगीत तालीम करायची ठरली, आणि जागा ठरली गावाबाहेरच्या कोरड्या पाझर तलावाच्या पोटात. तिथं वाळवंट तर होतंच.

दुसरा कुणी असता तर गपचूप जाऊन तंबू ठोकून आला असता. निवृत्तीरावांनी परवानगी मागितली. या टेबलावरून त्या टेबलावर आठ दिवस फिरल्यावर कळलं की तलावाच्या पोटात तंबू ठोकायला परवानगीचा छापील नमुना एकच आहे, गुरांच्या छावणीचा. त्यात रकाने होते. निवृत्तीरावांनी ते प्रामाणिकपणे भरले. तंबू : एक. पाण्याची सोय : दोन पिंपे. प्रमुख : नि. सोनकांबळे, टंचाई शाखा. मुदत : एक दिवस. जनावरे : निरंक. नियमाप्रमाणे एक प्रत चावडीवर लावायची होती. तीही त्यांनी स्वतः आठवडाभर आधी खळ लावून चिकटवली, दोन पावलं मागं जाऊन पाहिली, आणि आपल्या अक्षराचं त्यांना समाधान वाटलं.

रविवारी सकाळी चौघं तलावात उतरले. सरजाबाई बांधावर बसली. हा बांध बहात्तरच्या दुष्काळात झाला होता आणि त्यावर तिनं डोक्यानं माती वाहिली होती. "ह्या अंगाला माज्या पाट्या हायेत," ती एका बाजूला हात फिरवून म्हणाली. शंकरप्पानं खुंट्या हाणल्या. तंबू दोनदा पडला, तिसऱ्यांदा उभा राहिला. पंचशीला त्याच्या तोंडाशी जाऊन बसली आणि समोरच्या भेगाळलेल्या जमिनीकडं बघत म्हणाली, "समुद्र कुठल्या अंगाला धरायचा?"

निवृत्तीरावांनी बाभळीच्या पलीकडं बोट दाखवलं. दोघंही तिकडं बघत बसले. काही नव्हतं तिकडं, ऊन होतं. पण सहा वर्षांत दोघं इतका वेळ शेजारी बसून एका बाजूला कधी बघत बसले नव्हते. निवृत्तीरावांना वाटलं, इथंच मुक्काम वाढवून घ्यावा.

तेवढ्यात बाभळीच्या पलीकडून धूळ उठली. वावटळ असेल म्हणून त्यांनी तंबूचा दोर घट्ट धरला. धूळ जवळ आली आणि तिला शिंगं फुटली. पुढं एक म्हातारी, तिच्या दाव्याला एक गाभण गाय, मागं बैल, म्हशी, कालवडी, आणि त्यांच्या मागं आणखी माणसं. चावडीवरचा कागद आठ दिवसांत गावोगाव पोचला होता. लोकांनी त्यातला मथळा तेवढा वाचला होता, छावणी. तंबूवरचा सरकारी शिक्का आता डोळ्यांनी दिसत होता. आणि प्रमुख म्हणून टंचाई शाखेचा माणूस प्रत्यक्ष दोर धरून उभा होता. कुणाचं काय चुकलं?

निवृत्तीरावांनी खिशातली प्रत काढून रकान्यावर बोट ठेवलं. "हे बघा, इथं स्पष्ट लिहिलंय. जनावरे : निरंक."

एका शेतकऱ्यानं वाकून वाचलं. "बरुबर हाय. तवा आली नव्हती. आता येऊलालेत की. भरा रकाना."

शंकरप्पानं हे बघून जीप सुरू केली. पण जीपपुढं बांध होता, आणि मागं जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. एका बैलानं तिच्या बॉनेटवर मान टाकली आणि डोळे मिटले. शंकरप्पानंही इंजीन बंद केलं.

ती पुढची म्हातारी, धुरपताबाई, जळकोटाकडून तीन दिवस चालत आली होती. तिनं निवृत्तीरावांकडं बघितलंही नाही. ती सरळ पंचशीलापुढं उभी राहिली. "बाई, ही छावनीच हाय न्हवं? का माघारी जाऊ?"

गाईच्या बरगड्या मोजता येत होत्या. तिच्या पोटातलं वासरू तेवढं जागच्या जागी हललेलं दिसलं. निवृत्तीरावांच्या ओठांवर खरं ते आलं होतं, ते कागदावरही होतं, सहीनिशी. पण त्यांच्या आधी पंचशीला बोलली. तिनं गाईकडं पाहिलं, तंबूकडं पाहिलं, एकदाच त्या बाभळीकडं पाहिलं जिथं मघाशी समुद्र धरला होता, आणि म्हणाली, "हाव. छावणीच हाय. गाय सावलीत घ्या."

 ही बाई आपल्या तोंडानं आपला समुद्र देऊन मोकळी झाली होती. ते हळूच म्हणाले, "पंचशीला, रजा जाईल."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पिंपाचं झाकण काढा."

जिल्हाधिकारी साहेब परप्रांतातले, तरुण, मराठी पुस्तकातून शिकलेले. सोमवारी त्यांच्यापुढं निवृत्तीराव उभे राहिले आणि लग्नाच्या चौथ्या दिवसापासून सगळं सांगून मोकळे झाले. साहेबांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे आपण समुद्राकडे प्रस्थान करीत होता? तलावातून?"

"होय साहेब."

"आणि अनधिकृत छावणी उघडली?"

"साहेब, अधिकृत आहे," निवृत्तीराव अजिजीनं म्हणाले. "परवानगी आहे. फक्त जनावरं निरंक आहेत."

साहेबांनी तो कागद उलटसुलट पाहिला. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते अधिकारी होते. "आता किती आहेत?"

"सकाळी एकसष्ट. मी निघालो तेव्हा नव्वदच्या वर गेली होती."

साहेबांनी हिरव्या शाईनं 'निरंक' खोडलं, आकडा घातला, आणि 'एक दिवस'च्या जागी लिहिलं, 'पुढील आदेशापर्यंत'. मग म्हणाले, "चारा उद्यापासून येईल. छावणीचे प्रमुख आपणच आहात. आणि आपली रजा..."

"रद्द समजतो, साहेब," निवृत्तीराव म्हणाले. आपला आवाज इतका बारीक येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

तो मे महिना असा गेला की समुद्राचं नाव काढायला कुणाला उसंत नव्हती. शंकरप्पाची जीप कडबा वाहू लागली. तिला मागं येता येत नव्हतं म्हणून छावणीभोवती गोल रस्ताच करण्यात आला. पाण्याचं खातं सरजाबाईनं कुणी न देता घेतलं आणि तिच्यासमोर बैलसुद्धा रांग मोडत नसत. पंचशीला सुटीतला प्रत्येक दिवस तिथं काढून गुरांची नोंदवही ठेवायची; नुसते आकडे न लिहिता नावंही लिहायची. धुरपताबाईची गाय तंबूतच व्याली. तिथं राहायचं ठरलं होतं चौघांचं, आणि पहिली राहिली ती एक कालवड.

निवृत्तीराव हे सगळं करत होते, पण त्यांना चुकल्या चुकल्यासारखं वाटे. बायकोनं एका शब्दानं बोल लावला असता तर बरं वाटलं असतं. महिनाअखेर त्यांनी घरच्या फाइलीवर टिपणी टाकली : 'सुटी संपली. सबब प्रकरण नस्तीबंद करण्यास हरकत नसावी.' सकाळी फाइल परत आली. खाली लाल पेनानं लिहिलं होतं, 'हरकत आहे. पं.' ते वाचून निवृत्तीरावांनी चष्मा पुसला, आणि पुसायचा होता म्हणून पुन्हा पुसला.

आषाढात गुरं आपापल्या गावी निघाली. जायच्या दिवशी सरजाबाईनं धुरपताबाईला सगळी हकीकत सांगून टाकली. म्हातारी पंचशीलाकडं आली आणि तिचे दोन्ही हात धरून उभी राहिली. "माज्या गाईपायी तुजा समुद्र ऱ्हायला, पोरी."

"राहिला नाही. लांबला," पंचशीला म्हणाली.

"ह्या कालवडीचं नाव म्या समिंद्री ठिवलंय," धुरपताबाई म्हणाली. तिला आणखी काही द्यायचं होतं, पण तेवढंच होतं.

दिवाळीच्या सुटीआधी निवृत्तीरावांनी पुन्हा अर्ज केला. या वेळी कारणाच्या जागी त्यांनी खरं ते लिहिलं : 'पत्नीस समुद्र दाखविणे.' अर्ज परत आला तेव्हा हिरव्या शाईत शेरा होता : 'मंजूर. मात्र तलावात तंबू ठोकू नये.'

जीप निघाली. पिंपं निघाली. नाशिकच्या पुढं एका चौकात गाडी चुकीच्या बाजूला वळली आणि मागं घेता येईना म्हणून चौघांनी तीस मैलांचा फेरा मारला, ही गोष्ट शंकरप्पा अजून नाकारतो. जिथं नळ दिसेल तिथं सरजाबाई जीप थांबवून पिंपं काठोकाठ भरून घेई. असं करत करत चौथ्या दिवशी संध्याकाळी, मांडवी मागं टाकून, झाडाझुडपाशिवायच्या सपाट वाळूत ते पोचले. वाळू चालत गेली होती आणि चालता चालता तिचं पाणी झालं होतं.

पंचशीला साडी जरा वर धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. वाकून तिनं पाण्यात हात फिरवला. निवृत्तीराव चपला हातात घेऊन मागं उभे होते. शब्द दिला होता त्याला सहा वर्षं, सात महिने झाले होते.

"अहो, हा निळा नाही," ती शेवटी म्हणाली. "मातकट आहे. नकाशा चुकलाय." आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. मागं न बघता तिनं हात पुढं केला, आणि निवृत्तीरावांनी तो चार माणसांदेखत धरला. चार म्हणजे एक शंकरप्पा आणि एक आई, पण तेही त्यांच्या मानानं पुष्कळ होतं.

सरजाबाईनं ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं. "खरंच की रं," ती हळहळली. "येवढं समदं, आन् उपेग न्हाई."

सकाळी निवृत्तीराव तंबूबाहेर बसून फाइल पुरी करत होते. सवयीनं सगळे रकाने आखले होते. ठिकाण : समुद्रकिनारा. तंबू : एक. पाण्याची सोय : दोन पिंपे. माणसे : चार. जनावरे : निरंक. शेवटच्या शब्दाखाली त्यांनी समाधानानं रेघ ओढली आणि मान वर केली तर वाळूवरून धूळ येत होती.

सात उंट होते. त्यांच्यापुढं पागोटं बांधलेला एक म्हातारा आणि काळ्या ओढणीतली बाई. दुष्काळ यंदा तिकडंही होता, हे कुणी सांगायची गरज नव्हती. उंटांच्या बरगड्या टंचाई शाखेला ओळखीच्या होत्या. म्हातारा आपल्या भाषेत काहीतरी बोलला, पिंपांकडं बोट केलं, उंटांकडं केलं, आणि मग आल्या वाटेकडं हात करून थांबला. माघारी जाऊ का, एवढं ज्याला त्याला कळलं.

निवृत्तीरावांच्या डोळ्यांपुढं हिरवी शाई आली. त्यांनी वळून बायकोकडं बघितलं. पंचशीला ओल्या पायांनी समुद्राकडून येत होती.

"हाव," ती म्हाताऱ्याला म्हणाली. "छावणीच हाय. घ्या सावलीत."

म्हातारा हसला. सरजाबाई घमेलं घेऊन केव्हाच उठली होती आणि उंटांना रांगेत उभं करत होती. पहिल्या उंटानं मान खाली घातली, आणि मागं एवढा समुद्र पसरलेला असताना, लातूरहून निघालेल्या त्या पिंपातलं पाणी तो सावकाश पिऊ लागला. पंचशीला त्याच्याकडं बघत राहिली. "त्या पोरीला आता सांगता येईल," ती म्हणाली. "नुसतं बघून राहत नाहीत म्हणावं. गोड्या पाण्याची वाट बघतात."

निवृत्तीरावांनी फाइल गुडघ्यावर घेतली. 'निरंक' खोडलं, त्याच्यावर 'उंट सात' लिहिलं, आणि आदेशार्थ बायकोपुढं धरली. तिनं लाल पेन शोधलं, ओल्या हातानं सही केली, आणि मुदतीच्या रकान्यात लिहिलं, 'पाणी असेपर्यंत'.